कारखाना राहू दे

३ मार्च
ह्यांनी आज सभेत पहिल्यांदाच आवाज चढवला नाही! "कारखाना बंद करा" म्हणून दोन निवडणुका घसा फोडला आणि दोन्ही हरले. आज म्हणाले, "कारखाना राहू दे, धूर थांबला पाहिजे." एरवी आमच्याकडे पाठ करून उभे राहणारे कामगार खुर्च्या ओढून बसले. वाक्य माझं — भांडी घासताना सुचलेलं. श्रेय कोण देतंय म्हणा.

५ मार्च
दादा प्रचार सोडून गेला. माझा सख्खा भाऊ, दोन्ही वेळा ह्यांच्यासाठी पायपीट केलेला. त्याचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून. वाळत घातलेले कपडे काळे होतात, धाकटी सारखी खोकते. मला म्हणाला, "दोन्ही डगरींवर हात ठेवणारा कुणाचाच नसतो गं." हे म्हणाले, "अहो दादा, आधी निवडून तर येऊ द्या. पडलेल्याचं कोण ऐकतं?" मला ह्यांचंच पटलं, तसं बोलूनही दाखवलं. दादाने चहा अर्धा टाकला. वाईट वाटलं.

९ मार्च
दिवस मजेत चाललेत. कामगार वस्तीत घरोघरी आत बोलावतात. आमची शिवणवाली तिथलीच, तिचा नवरा भट्टीवर. म्हणाली, "वहिनी, साहेब आता माणसांत आले हो." इतकी हसले! जुने दोन-तीन कार्यकर्ते मात्र रस्त्यात ओळख देत नाहीत. सगळ्यांना खूश कोण ठेवणार?

१३ मार्च
ह्यांना शांत झोप लागते. घरातही ओरडणं नाही. राजकारण असं मानवलेलं पहिल्यांदाच पाहतेय.

२० मार्च
जिंकलो!! आमच्या जुन्या गल्ल्यांनी पाठ फिरवली, पण कामगार वस्तीने उचलून धरलं. मी सुखात आहे, इथे कशाला लपवू? दादाचा फोन नाही. धुराचं काम झालं की येईल आपणहून. राग नाकावर असला तरी मनात ठेवत नाही तो.

२३ मार्च
कारखान्याचे मालक आले होते, हा भलामोठा गुच्छ घेऊन. म्हणाले, "धुराचं तेवढं यंदा नको. खर्च मोठा आहे. तुम्ही आता समजूतदार झालात." मला वाटलं, हे आता उठून गुच्छ परत करतील. हे म्हणाले, "बघू. घाई नाही." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आत जाऊन दादाला फोन लावला. म्हटलं, "पुढच्या वेळी तू उभा राहा. दारोदार मी फिरते."