न आलेला ताप

६ एप्रिल
ओडोयोला आज सांगून टाकलं. चौथा महिना लागला म्हणून! जाळं सांधत होता, सुई हातातच राहिली. मग हळूच म्हणाला, "आईला कळू देऊ नकोस इतक्यात." मागच्या वेळी लवकर बोभाटा झाला, कुणाची तरी नजर लागली, म्हणून बाळ राहिलं नाही— असं सासूबाईंचं म्हणणं.
असेलही. मला एवढंच आठवतं, मूठभर होतं. आठवडाही काढला नाही त्याने.

७ एप्रिल
पाऊस. डास. झोप नाही.

११ एप्रिल
बाजारात मासळी मांडून बसले होते. आमच्या दवाखान्यातली नर्स नासिमियू आली. मागचं बाळंतपण तिनेच केलेलं. बारीक ओमेना मासे निवडता निवडता म्हणाली, "कितवा?"
"कसला कितवा!"
हसली नाही. म्हणाली, "तुझं बाळ एवढंसं झालं ते मलेरियामुळे. या वेळी गोळ्या वेळेवर घे. मच्छरदाणी ने."
पण मला ताप नव्हताच! एक दिवससुद्धा नाही. तसं म्हटलं, तर म्हणे, "तुला जाणवत नाही. तो वारेत लपून बसतो, बाळाचं पोषण अडवतो."
ताप न येता मलेरिया? मग नजर? ती लागलीच नाही का? काही कळेनासं झालंय.

१२ एप्रिल
सासूबाई चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली घोटत होत्या. सहज म्हणून विचारलं, "आई, पोटुशीने मलेरियाच्या गोळ्या घेतल्या तर?"
"पोर पडतं म्हणतात."
"कोण म्हणतं?"
"सगळेच." मग माझ्याकडे टक लावून, "तू का विचारतेस?"
"असंच."
"असंच कुणी विचारत नाही, अपोंडी." आणि भांडं तसंच चुलीवर टाकून उठल्या. रागावल्या? घाबरल्या? मला त्यांचं काही उमगत नाही.

१९ एप्रिल
घेतल्या आणि पडलं तर? नाही घेतल्या आणि पुन्हा तसंच झालं तर? ओडोयो म्हणतो, तू ठरव. वा! ठरवायचं मी, आणि काही झालं तर बोल मलाच.
दुपारी पोटात मासोळी वळल्यासारखं झालं. रडूच आलं.
मंगळवारी जाणार. इथे नाही— पलीकडच्या गावच्या दवाखान्यात. तिथे ओळखीचं कुत्रंही नाही.

२३ एप्रिल
दवाखान्याच्या बाकावर आधीच सासूबाई! पोटावर लेसोचं कापड घट्ट ओढून. या वयात दिवस गेलेले— सुनेच्या बरोबरीने! दोघींनाही तोंड लपवायला जागा नाही. शेवटी त्याच सरकल्या. "बस."
हाक आली त्यांच्या नावाची. उठल्या नाहीत. "तू जा आधी. तुझं एक गेलंय."
तिथल्या नर्सने मलेरियाच्या तीन गोळ्या समोरच गिळायला लावल्या. मग दाराकडे बघत विचारलं, "त्या कोण?"
"बहीण," म्हटलं. "थोरली."