पाणबुड्यांच्या घरात

सोमवार, ३ ऑगस्ट १९९८

उलटी झाली. पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर!

काल पाळकसाहेबांना किती ठामपणे सांगितलं होतं मी — प्रभूनं मला दुःखी लोकांच्या सेवेला बोलावलंय, मला राजधानीतल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत पाठवा. ते म्हणाले, "नेल्विया, आधी तीन आठवडे पाणबुड्यांच्या घरात काम कर. मग सांग मला, कोणी बोलावलं ते."

मला वाटलं होतं, ओल्या फडक्यानं कपाळं पुसायची, स्तोत्रं वाचून दाखवायची.

पाच माणसं आहेत. पाचही जण शेवंडांसाठी खोल गेलेले, घाईनं वर आलेले, त्यानं रक्तात हवेचे बुडबुडे झाले, आणि आता कमरेखाली काही जाणवत नाही. घर सांभाळणाऱ्या मिस ओर्फांनी एकाला कुशीवर वळवलं, पट्टी सोडली. माकडहाडापाशी, पडून पडून झालेला, माझी मूठ मावेल एवढा खड्डा. आत पांढरं दिसत होतं. हाड! जिवंत माणसाचं हाड!

दारापर्यंतही पोचले नाही.

ज्याची जखम, तो अल्सिडेस, मान वळवून म्हणाला, "पोरी, मी स्वतः अजून बघितली नाही ती. एवढी वाईट आहे का गं?" बाकीचे हसले. मी फरशी पुसली.

बुधवार, ५ ऑगस्ट

लघवीची नळी बदलायला शिकले. मी सारखी छताकडेच बघत होते! मिस ओर्फा म्हणाल्या, "लाजायचं ते घरी जाऊन लाज. इथं आधी हात धू."

गुरुवार, ६ ऑगस्ट

आज उलटी नाही.

शनिवार, ८ ऑगस्ट

लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

शेवटच्या खाटेवर लोर्सन असतो. एकोणतीस वर्षांचा, सदा भिंतीकडे तोंड. पाच दिवसांत माझ्याशी एकच शब्द — "नको." आज उकडलेली केळी नारळाच्या दुधात कुस्करून नेली. दोन घोट घेतले. धीर करून विचारलं, "प्रार्थना करू का तुमच्यासाठी?"

"कोणाची मुलगी तू?"

"कप्तान रोलान बेंडल्सची."

हसला तो. असं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुझ्या बापाच्या बोटीवर होतो मी. चार वर्षं झाली. त्या दिवशी अकरा सिलिंडर संपवले होते. गुडघे ठणकत होते. म्हटलं, कप्तान, आज पुरे. तुझा बाप म्हणाला, बायकांसारखा कुरकुरू नकोस, अजून एक. बारावा संपवून वर आलो. पाय बोटीत होते, पण माझे नव्हते."

बाबा! चर्चच्या मंडळीचे वडील! प्रभुभोजनाला भाकरीची थाळी घेऊन फिरणारे माझे बाबा!

वाडगा तिथंच ठेवून बाहेर आले. प्रार्थना केली नाही. कुठल्या तोंडानं करू?

रविवार, ९ ऑगस्ट

उपासनेत बाबांनी खड्या आवाजात शास्त्रपाठ वाचला. एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

घरी अंगणात ते दोर गुंडाळत होते. विचारलं, "बाबा, लोर्सन आठवतो?"

हात थांबले. "त्याला लिवा मायरिननं धरलं."

"पाण्यातल्या बाईनं? तुम्ही मंडळीचे वडील, आणि हे मानता?"

"समुद्रावर सगळेच मानतात."

"तो पुरे म्हणाला होता का?"

बाबा पुन्हा दोर गुंडाळायला लागले. आईच ओरडली, "बापाची उलटतपासणी घ्यायला पाठवलंय का तुला पाळकांनी?"

माझी शाळा, माझे बूट, चर्चला घालायचा हा पांढरा झगा — सगळं त्या पाण्याखालून आलंय. मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मी कधी विचारलंच नव्हतं.

मंगळवार, ११ ऑगस्ट

पाळकसाहेबांकडे जाऊन रडले. म्हटलं, "हे पाचारण नाही. प्रभू बोलावत नाहीये, शरम ढकलतेय मला. चूक झाली."

त्यांनी विचारलं, "अल्सिडेसची पट्टी बदललीस आज?"

"नाही."

"मग जा, बदलून ये."

एवढंच! इतका राग आला. जाऊन बदलली.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

लोर्सनला सांगून टाकलं, "मी बाबांना विचारलं."

"काय म्हणाला?"

"लिवा मायरिन."

अल्सिडेस पलीकडून म्हणाला, "माझ्याबद्दलही हेच सांगतात. काय बाई आहे! एवढ्या पुरुषांना धरते, आणि ठेवून एकालाही घेत नाही!"

सगळे हसले. लोर्सनही. हसता हसता रडायला लागला, अंग गदगदत होतं. थोड्या वेळानं म्हणाला, "वळव मला." आजवर हे काम त्यानं मिस ओर्फांनाच करू दिलं होतं.

पाठ फार वाईट आहे. पण मी बघू शकले.

रविवार, १६ ऑगस्ट

बाबांची बोट सुटली. धक्क्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तो — जेवतो का नीट?"

"थोडं."

मान हलवली आणि फळीवरून चढून गेले.

सोमवार, २४ ऑगस्ट

तीन आठवडे झाले. उद्या पाळकसाहेब विचारणार. खरं तेच सांगेन — मला काही आवाज ऐकू आला नाही. कंटाळा आला, किळस आली, शरम वाटली. एवढंच आलं. पूर्वीसारखी गावच्या शाळेत मुलांना शिकवायला परत जाईन म्हणते.

बुधवार, २६ ऑगस्ट

काल सकाळीच बोट परत आली. ठरल्या दिवसाच्या आधी. देवा!

स्वयंपाक करणारा बर्नाबे धक्क्यावर सांगत होता. एक पाणबुड्या कप्तानांना म्हणाला, आज पुरे. कप्तान म्हणाले, "बरं, पुरे. सगळ्यांना वर घ्या." सगळे आले, एक येईना. हवा संपायची वेळ झाली. बाकीच्यांना पुन्हा खाली पाठवायला कप्तान तयार होईनात. स्वतः सिलिंडर बांधला. चौपन्न वर्षांचा माणूस! वीस वर्षांत बुडी मारली नव्हती!

त्याला घेऊन आले. जिवंत. आपली हवा त्याला पाजत, मध्ये थांबत हळूहळू यायला हवा पुरेना म्हणून सरळ वर.

तो चालत घरी गेला. बाबांना चौघांनी उचलून उतरवलं. रक्तातले बुडबुडे विरावेत म्हणून दवाखान्यात दाबाच्या टाकीत ठेवलंय. आई काचेतून हाका मारतेय. टाकीत ठेवण्याआधी मी पायाच्या तळव्याला चिमटा काढून बघितला, त्यांना कळलं नाही.

माझ्या प्रश्नानं केलं का हे? प्रभू, मी केलं का?

बुधवार, ९ सप्टेंबर

टाकीचा उपयोग झाला नाही. आज बाबांना आमच्या पाणबुड्यांच्या घरात आणलं. सहावी खाट कुठं लावायची, मिस ओर्फांनी विचारलं. लोर्सन म्हणाला, "माझ्याशेजारी."

मी वळवायला हात घातले तर बाबांनी मनगट धरलं. "तू नको गं. दुसऱ्या कोणाला बोलाव."

लोर्सन म्हणाला, "करू द्या, कप्तान. तिला येतं."