गाडीला लोढणं

चिखली, सोम. ३ फेब्रु. ६४
आज बाजाराच्या चढावर मोटार उसळली. वांग्यांच्या टोपलीच्या हातभर अलीकडे थांबली. कोणीतरी म्हणालं, "बाईच्या पायात जोर नाही," आणि चढभर लोक हसले. येत्या सोमवारी बुलढाण्याला लायसन्सची परीक्षा. नापास झाले तर कारण म्हणून हेच वाक्य गावात राहील, म्हणून लिहून ठेवते. दोष पायात नाही. अॅक्सिलरेटर कडक आहे. दाबावा तर दबत नाही. जोर लावावा तर एकदम खाली जातो.

मंगळ. ४
धाकटे दीर, बापूभावजी (यापुढे बा.), सकाळीच हजर. "जुन्या गाडीचं असंच राह्यते, वयनी. डायवर ठेवा. आपला गुलाब हाय ना." गुलाब त्यांचा माणूस. म्हणजे मोटार माझी, आणि ती कधी निघायची ते बा. ठरवणार. अमडापूरला सात मुली मॅट्रिकला बसताहेत, इंग्रजीला कोणी नाही. मी हो म्हटलंय. वर्ग सकाळी सातचा, त्या वेळेला बस नाही.
चहा दिला. गुलाब नको म्हटलं.

बुध. ५
नामदेव मिस्त्रीकडे. खामगावच्या डॉक्टरांकडून गाडी आणल्यावर यानेच चार दिवस ठेवून तेलपाणी केलं होतं. पाय लावून पाहिला. "पेडल बरोबर हाय बाई. तुमी चप्पल घालून चालवता, त्यानं होत असन." मग, न विचारता: "जुन्या गाडीचं असंच राह्यते."
बा.चं वाक्य, शब्दाला शब्द. तीस वर्षं शाळेत काढली. कॉपी ओळखू येते.

गुरु. ६
चप्पल काढून चालवली. तेच. पायाखालची काथ्याची चटई काढली. तेच. पेडलच्या बिजागरीला तेल. तेच. संतापून आत आले.
मग आठवलं. डॉक्टरांच्या अंगणात हेच पेडल हाताने दाबून पाहिलं होतं, सहज दबलं. चार दिवसांत कोणी म्हातारं होत नाही.

शुक्र. ७
बॉनेट उघडलं. पेडलकडून येणारा दांडा कार्बोरेटरपाशी सोडवला. पेडल बोटाने दबू लागलं. म्हणजे पेडल निर्दोष. कार्बोरेटरकडचा खटका ओढला, हलेना. त्याला दोन स्प्रिंगा. एक बारीक, गंजलेली, जन्मापासूनची. शेजारी दुसरी, जाड, नवी बसवलेली. ती काढली. खटका मोकळा. नागपूरला इंटरला स्प्रिंगला वजनं टांगायचे प्रयोग केले होते. उपयोग आज झाला.
चढ चढून आले. वांगीवाली नुसती बघत राहिली.

शनि. ८
स्प्रिंग नामदेवच्या पुढ्यात ठेवली. हात पुसत म्हणाला:
"खोटं काऊन बोलू, बाई. बापूसायबानं सांगलं, बाईमानूस हाय, जोरात पयवन, गाडीले लोढणं बांधून दे. त्यायच्याच मळ्यातल्या इंजिनाची हाय थे. मले काय मालूम तुमी बोनट खोलसान."
लोढणं. दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या ढोराच्या गळ्यात बांधतात ते लाकूड. मी कोणाच्या पिकात शिरले? लोढणं त्यांनी बांधायचं आणि पायात जोर नाही तो माझ्या.
नामदेवला म्हटलं, उद्या बा.कडे सोबत चल. "मी कायले?" साक्षीला.

रवि. ९
बा. ओसरीवर पेपर वाचत होते. स्प्रिंग पेपरावरच ठेवली. "तुमच्या इंजिनाची आहे. ते पळत असेल तर त्याला बांधा." आत जाऊबाई हसल्या, मग भांडी आपटली.
बा.: "दादाबी कोणाचं ऐकत नव्हते, वयनी."
ह्यांची जीप मेहकर रस्त्यावर उलटून हे गेले, त्याला नऊ वर्षं झाली. हा विषय काढला की मी गप्प होते, हे बा.ना ठाऊक आहे. काळजी असेलही. पण काळजी तोंडाने सांगतात, मिस्त्रीच्या हातून बांधत नाहीत. आणि त्या काळजीनेच गाडी उसळली, टोपलीमागे ती वांगीवाली बसलेली असताना. हे सगळं तिथे बोलायला हवं होतं.
"उद्या मीबी येतो बुलढाण्याले," म्हणाले. बघायला की अडवायला, विचारलं नाही. पुढे नामदेव बसेल, त्याच्याकडे लायसन्स आहे. तुम्ही मागे, म्हटलं.

बा. यांस दिली: स्प्रिंग एक, जाड, तेल पुसून. साक्ष नामदेव. घेतली, खिशात ठेवली. पोच दिली नाही.