कारखाना चालू आहे, हे कळवण्यास

तीर्थरूप ताईस,

कंबर वाकेल तितका साष्टांग नमस्कार (सध्या गुडघ्यापर्यंतच वाकते, उरलेला मनाने पोचता झाला असं समज). तुझी शुगर, भाऊजींचे कान आणि तुमच्या दोघांतली भांडणं, तिन्ही आटोक्यात असावीत अशी आशा करतो. माझं उत्तम चाललं आहे.

तू लिहिलंस, तो कारखाना विकून टाक आणि इकडे राहायला ये. वाचून बरं वाटलं, आणि रागही आला. झालं असं की आपले खटके (बॅग बंद करताना टक् होतं ना, ते) वीस वर्षं एकच बॅगवाली कंपनी घेत होती. मंदी आली, लोकांनी प्रवास थांबवले आणि त्या कंपनीने दोन ओळींच्या पत्रात आम्हाला मोकळं केलं. त्यात पत्र्याचा भाव असा, की सकाळी विचारावा तर दुपारी ओळख दाखवत नाही. अठरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी. मी म्हटलं, कुणाला काढणार नाही, निम्म्यांनी पहिले तीन दिवस यायचं, निम्म्यांनी पुढचे तीन. सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस्त्री तेवढे म्हणाले, "आणि मालक, तुम्ही?" मी म्हटलं, सहाही दिवस. ते खोटं होतं. मी सातही दिवस जातो.

कारण रविवारी घरात (ही गेल्यापासून) आवाज असा फक्त फ्रिजचा येतो, आणि फ्रिजशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? म्हणून एका रविवारी कारखान्यात जाऊन प्रेस चालू केली, नुसती ऐकायला. पण रिकामी चालणारी प्रेस बघवेना, तेव्हा एकेक पत्रा सरकवत बसलो. सोमवारी मिस्त्रींना चाळीसेक वाकडे खटके सापडले. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं करून अर्धा तास झापलं. मीही ओळीच्या टोकाला मान खाली घालून उभा राहिलो. (मालक म्हणून माझा संशय कुणाला आला नाही. आला असल्यास माणसं सभ्य आहेत.)

मग पुढे काय करायचं यावर सभा घेतली. कुणी सायकलची घंटा सुचवली. ती करून पाहिली, पण ती वाजण्याऐवजी खोकायची. शेवटी ऑफिस सांभाळणाऱ्या बाई बोलल्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. खाटेच्या कठड्याचा खटका उघडायला दोन हात लागतात, मग सासूबाईंना धरायचं कशाने? "एका हाताने उघडणारा खटका आपल्याला जमणार नाही का?" मिस्त्रींनी तिथेच पेन्सिल काढली.

आठ दिवसांत नमुना तयार झाला. पेशंट म्हणून खाटेवर मी (बाकीच्यांना कामं होती). दोन्ही बाजूंचे कठडे वर केले, टक् झालं, आणि मग खटका एका हाताने उघडेना, दोन हातांनी उघडेना, चौघांनी ओढूनही उघडेना. "हलू नका मालक, पाना आणतो," म्हणत मिस्त्री गेले आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. मी आपला छताकडे बघत पडलो. बाईंनी जाता जाता शाल घडी करून डोक्याखाली ठेवली. वेल्डर डबा घेऊन कठड्यापाशी येऊन बसला, मला घास भरवला आणि मुलीच्या लग्नाचं सगळं सांगितलं. खरं सांगू, ताई? खटका मधेच आपला आपण सुटला होता. मी हळूच परत लावून घेतला.

स्प्रिंग बदलल्यावर सगळं जमलं. नमुना गावातल्या दवाखान्यात नेला. तिथल्या मोठ्या सिस्टरबाईंनी एका हातात पाण्याचं भांडं धरून दुसऱ्याने खटका उघडून पाहिला आणि अख्ख्या वॉर्डाची ऑर्डर दिली. मागोमाग चाकाच्या खुर्च्यांवाले आले, घडीच्या खाटांवाले आले, पाळण्यांवाले आले. आता लहान लहान चार गिऱ्हाइकं आहेत. एकाने दोन ओळींचं पत्र धाडलं तरी तिघं उरतील. पुढल्या महिन्यापासून अठराही जण सहाही दिवस येणार.

तेव्हा तुझ्याकडे राहायला येणं जमणार नाही. इथे माझ्यावाचून फार अडतं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. – अडतं असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. गेल्या आठवड्यात चार दिवस तापाने घरी होतो. माल वेळेच्या आधी गेला.

आणखी एक – उत्तर घरी पाठवू नकोस, कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र मी उघडतो, वाचतो आणि ठेवून देतो. कारखान्यात आलं की बाई विचारतात, "कुणाचं हो?" मग सांगायला मिळतं.