गळका कोपरा

४ मार्च

ती. स्व. ताईंस,
सा. न. वि. वि.

आईंच्या पायाचं प्लॅस्टर निघालं. हाड जुळलंय, आता रोज चालायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. पण आईंनी पडल्यापासून जी खाट धरली ती सोडत नाहीत. काठी उशाशी नुसती उभी. महिनाअखेर तुम्ही त्यांना कायमचं न्यायला येणार हे सांगितलं, तर भिंतीकडे तोंड करून निजल्या. ताई, त्यांच्याशिवाय हे घर मला खायला उठेल.

म्हणून त्यांच्या खिडकीसमोरचा, पाण्यावाचून वाळून गेलेला अंगणाचा कोपरा मी हाती घेतलाय. आमच्या लाँड्रीतल्या मोडक्या मशीनचे ड्रम, गळक्या बादल्या, जुन्या कपाटाचे खण, सगळ्यांना निळा रंग दिला, आता त्यांत फुलझाडं लावणार. तुमचे बंधू म्हणतात, हिनं घरातच भंगाराचं दुकान थाटलंय. हसा तुम्हीही.

आहे तो लोभ असाच राहू द्या.

तुमची वहिनी

९ मार्च

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

हसले खरी, पण मग डोळे भरून आले. दिवसभर लोकांच्या कपड्यांचे डाग काढायचे आणि घरी येऊन आमच्या आईसाठी बादल्या रंगवायच्या, हे तूच करू जाणे. मी पोटची लेक, मला सुचलं नसतं.

तरी एक सांगते. फुलं पाहून कुणी चालायला लागत नाही. तुम्ही दोघं कामावर गेलात की ती एकटी असते. इथं मी दिवसभर घरी आहे. खोली उजेडाची आहे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतलीय. तीस तारखेला गाडी घेऊन येते. माझ्यावर रुसू नकोस, माया पातळ करू नकोस.

ताई

२४ मार्च

ती. स्व. ताईंस,
सा. न. वि. वि.

शेवंती, सदाफुली, पुदिना लावला. आईंनी खिडकीकडे कूस वळवली, एवढ्यानंही मी हरखले. पण रोपं पिवळी पडायला लागली. मी आणखी पाणी घातलं, ती आणखी पिवळी.

काल दुपारी दुकानातून जेवायला आले तर खाट रिकामी. हाका मारत घरभर फिरले. मागल्या दारी जाऊन पाहते तर आई अंगणात! पालथ्या बादलीवर बसून हातोडी आणि खिळा घेऊन ड्रम ठोकत होत्या. झालं होतं असं की, ड्रमची भोकं, बादल्यांच्या चिरा, सगळं मीच सिमेंटनं बुजवलं होतं. लाँड्रीवालीचा जन्म गळती थांबवण्यात जातो. पाणी गळायलाही हवं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग ऐकावं लागलं. देव अक्कल वाटत होता तेव्हा मी म्हणे चाळणी घेऊन गेले होते. तीच चाळणी कुंडी म्हणून वापरली असती तरी झाडं जगली असती. मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं, बोलणं लागलं. पण ताई, त्या पलंगापासून अंगणापर्यंत एकट्या चालत आल्या होत्या. पडेन म्हणून घाबरल्या नाहीत. त्यांच्यासारखी बाई मी पाहिली नाही.

तीस तारखेचं आता तुम्हीच ठरवा. ठरवाल ते मान्य, पण मन मोठं करा.

तुमची वहिनी

२६ मार्च

चि. सौ. थोरलीस,
अ. उ. आ.

लिहायची सवय मोडलीय, अक्षर लावून घे. तू ये, चार दिवस राहा, पण मला न्यायला येऊ नकोस.

पडल्यापासून तुम्ही सगळ्यांनी मला काचेच्या भांड्यासारखं जपलंत. जेवण हातात, पाणी हातात. माझ्यावाचून कुणाचंच काही अडेना. मग उठायचं कशासाठी? इथली भिंत काय आणि तुझी खोली काय, मला सारखीच. आणि मग ही पोर रोज खिडकीतून दिसायला लागली. मरत्या रोपांना पाणी घालून घालून बुडवत होती. इतकी माया आणि इतकी चूक मी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. हिला माझी गरज आहे, असं वाटलं. पाय दुखला, पण उठले.

तुझी खोली माझीच आहे, तिला कुलूप लावू नकोस. पण अशी सून नशिबानं मिळते. तिच्या भरवशावर झाडं मात्र सोडवत नाहीत, म्हणून मी इथंच राहते.

तुझी आई