पॉटेड डॉगचं नामांतर

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात.
बोल्स क्लबच्या (हिरवळीवर गोळे घरंगळवायचा खेळ) चहापानाचा सचिव या नात्याने ऐतिहासिक निर्णय घेतला. आपल्या सँडविचमधल्या सारणाला 'पॉटेड डॉग' म्हणणं बंद. असतं ते शिजवून वाटलेलं बीफ आणि लोणी. कुत्र्याचा काडीचा संबंध नाही. आमच्या बार्न्सली गावाबाहेरच्या माणसाला काय वाटेल? बावीस तारखेला संडरलंडचा क्लब सामन्याला येतोय. नवं नाव : 'बीफ आ ला क्लिफर्ड'. फ्रेंच आहे. (क्लिफर्ड म्हणजे मी.)

४ जून
विनीला कळवलं. (धाकटी बहीण, समोरच राहते. क्लबसाठी सारण वर्षानुवर्षं तीच करते.) म्हणाली, आईने जन्मभर पॉटेड डॉग म्हटलं, तू कोण टिकोजीराव? म्हटलं, सचिव. म्हणाली, मग कर तूच. मी शांतपणे दार लावून बाहेर पडलो. तिच्या दाराला नवी काच बसवून द्यावी लागेल.

६ जून
स्वतःच करणार. त्यात काय एवढं? खाटीक हेपवर्थने विचारलं, विनीला बरं नाही का? म्हटलं, प्रकृती ठणठणीत, स्वभाव बिघडलाय. तो उगाच हसला.

९ जून, रविवार
पहिला प्रयोग. बीफ मंद आचेवर ठेवून क्लबचं गवत बघायला गेलो. गवताने वेळ खाल्ला. परत येतो तो शेजारच्या मिसेस ओल्ड्रॉइड माझ्या स्वयंपाकघरात बादली घेऊन उभ्या. चव जरा धुरकट. लंडनला धुरकट पदार्थांना फार मान असतो म्हणे. पातेलं टाकून दिलं.

१३ जून
संडरलंडच्या कॅप्टनला, मिस्टर रटरना, सौजन्य म्हणून फोन. तुमच्याकडे याला काय म्हणतात? "पॉटेड मीट." मागून त्यांची स्कॉटिश बायको ओरडली, "काहीतरीच काय सांगताय! पॉटेड हॉक!" मग दोघांचं जुंपलं. मी बराच वेळ फोन धरून होतो. शेवटी कुणीतरी आपटला. थोडक्यात, देशाला माझ्या नावाची नितांत गरज आहे.

१६ जून, रविवार
दुसरा प्रयोग. शेगडीसमोरून हललो नाही. पण सारण घट्ट होईना. ओतता येत होतं. लोणी घातलं. मैदा घातला. शेवटी जेली घातली. घरात रास्पबेरीचीच होती. रंग सुरेख आलाय.

१८ जून
खजिनदार आर्नल्डला चाखायला दिलं. म्हणाला, असलं काही जन्मात खाल्लं नव्हतं. दाद लिहून ठेवतोय. बिचारा लवकर घरी गेला, पोट धरून. भूक खवळली असणार.

२१ जून
मोठ्या मनाने विनीला एक ताट आणायची परवानगी दिली. राखीव म्हणून. ती म्हणाली, "परवानगी देतोयस की विनवणी करतोयस?" म्हटलं, परवानगी. तिने दार लावायला घेतलं. विनवणी केली. तिला ऐकू गेलं नाही म्हणे. रस्त्यात उभं राहून पुन्हा केली, मोठ्यांदा : "विनी, पॉटेड डॉग करशील का गं?" मिसेस ओल्ड्रॉइडनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

२२ जून, शनिवार
सामना हरलो. ते किरकोळ.
माझं ताट पुढे, नावाच्या पाटीसकट. विनीचं कोपऱ्यात. मिसेस रटरनी विनीचं चाखलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, अगदी माझ्या आईच्या हातचं पॉटेड हॉक! मिस्टर रटर म्हणाले, मीट गं, मीट. विनी म्हणाली, डॉग. तिघं हसत सुटले आणि सगळा संडरलंड त्या कोपऱ्यात लोटला. मला वाटलं, माझ्यासाठी वाट मोकळी करताहेत. विनीचं ताट चाटूनपुसून साफ.
नंतर मिस्टर रटर माझ्याकडे आले. माझं सँडविच उघडून नीट पाहिलं आणि अदबीने विचारलं, यावरचं कस्टर्ड कुठे ठेवलंय?

२३ जून, रविवार
क्लबची बैठक. माझं लक्ष किटलीकडे होतं. अध्यक्षांनी काहीतरी विचारलं, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. वाटलं, आणखी चहा कुणाला हवा विचारताहेत.
ठराव एकमताने मंजूर. चहापान सचिव : विनी. माझ्याकडे ब्रेडला लोणी लावायचं काम.
विनी म्हणाली, कडेपर्यंत लाव.
लावतोय.