भुरक्याचा आवाज

पुणे, ४ मार्च २०२५

तीर्थरूप आबांस,
संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून पत्र. घशाच्या ऑपरेशनला दोन महिने झाले, डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, तरी तुम्ही पाटीवर लिहूनच चहा मागता, असं आई सांगत होती. गडावर पावण्यांना फिरवायचंही सोडलंत म्हणे.

बातमी अशी, की आमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेमचा तिसरा भाग निघतोय आणि त्यात भुरक्या आहे. गडाच्या दरवाज्यात बसलेला तो म्हातारा ड्रॅगन. पहिल्या भागात त्याला तुमचाच आवाज दिला होता. काम इनमीन सहा वाक्यांचं, पण "पावणं, तलवार खाली ठेवा की, हितं कोण खातंय तुमास्नी!" हे ऐकायला खेळणारे अजून मुद्दाम थांबतात.

आमचे साहेब धैर्यशील म्हणतात, जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर नवी वाक्यं तुमच्याच आवाजात बोलेल. नमुना आईच्या मोबाइलवर पाठवलाय. सोबतच्या कागदावर फक्त तुमची सही हवी. पण मनात नसेल तर स्पष्ट लिहा.

आईला नमस्कार. रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची,
संयोगिता

पन्हाळा, १० मार्च

चि. संयोगितास अ. उ. आ.

नमुना ऐकला. तुझी आई रडली, आणि मग तिनं तो आणखी तीनदा लावला. आवाज माझाच हाय, पण ते वाक्य मी कधी बोललोच न्हाय. मी जित्ता हितं बसलोय आणि माझ्याऐवजी दुसरंच कायतरी बोलतंय, हे मला न्हाय चालायचं. कागद सहीशिवाय परत पाठवतोय.

पिराजीला घ्या. गडावर माझ्या जागी आता तोच लोकांना फिरवतोय. खणखणीत बोलतोय.

खरं सांगू का? परवा न्हाणीचं दार लावून बोलून बघितलं. सुपात खडं घोळल्यागत आवाज आला. तीस वर्षं ह्या गळ्यानं गड दावला. आता ह्यो आवाज घेऊन लोकांपुढं जायची लाज वाटती. आईला सांगू नको.

वेळेवर जेव. राग तुझ्यावर न्हाय, एवढं ध्यानात ठेव.

तुझा,
आबा

पुणे, १५ मार्च

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

साहेब जरा नाराज झाले, पण ऐकलं. पिराजीदादांना घेणार नाही. भुरक्याची वाक्यं मीच लिहिते, म्हणून ती बदलली. तिसऱ्या भागात गड जळून गेलाय, भुरक्यानं वर्षभर धूर गिळलाय. त्याचा गळा बसलाय. लाजेनं तो फार बोलत नाही, पाचच वाक्यं.

पुढच्या रविवारी रेकॉर्डर घेऊन येते. तुम्ही जसं बोलाल तसंच घेऊ. नकोच वाटलं तर जेवून परत फिरेन आणि भुरक्या दरवाज्यात मुकाच बसेल. दुसऱ्या कुणाचा आवाज त्याला द्यायचा नाही, असं साहेबांकडून कबूल करून घेतलंय.

आईला म्हणावं, हुलग्याचं माडगं करून ठेव. जीव तुमच्याकडेच लागलाय.

तुमची,
संयोगिता

पन्हाळा, ३ एप्रिल

चि. संयोगितास अ. उ. आ.

पाच वाक्यांना साडेतीन तास लागले, हे तुझी आई गावभर सांगत सुटलीय. चौथ्या वाक्याला मी रेकॉर्डर फेकायला उठलो, तेबी सांगती. सांगू दे.

काल गडावरच्या तीन दरवाज्यापाशी कबनूरची मंडळी भेटली. अंधारबावची विहीर कुठं हाय, विचारत होती. पिराजी दुसऱ्या लोकांबरोबर गेलता. मी हातानं खूण करणार, तेवढ्यात तोंडातनं निघून गेलं, की चला, दावतो.

त्यातल्या एका बाईनं कानामागं हात धरला. मला वाटलं, संपलं. पण ती सरकून जवळ आली, तिच्यामागनं बाकीचीबी आली. पूर्वी मी वरच्या पायरीवरनं ओरडायचो आणि लोक लांब पांगून फोटो काढायचे. काल आठ माणसं माझ्याभवती कोंडाळं करून कान देऊन उभी होती. बाव बघून झाली तरी कोण हलंना. मग पुढं सज्जाकोठी दावायलाबी नेलं.

उद्या सकाळी सातला साताऱ्याची बारा माणसं हायत. गळा शेकून लवकर पडतो. आमची माया हाय तिथंच हाय.

तुझा,
आबा